लावणीची दोरी आणि मधली मोकळी जागा

टोक

मित्रांनो, मी भातलावणीची दोरी आहे. नायलॉनची. एके काळी निळी होते, आता चिखल आणि ऊन मिळून जो रंग होतो त्या रंगाची आहे. सखुबाईंच्या पडवीत एका खुंटीवर माझं वेटोळं टांगलेलं असतं. वर्षातले थोडे दिवस मला काम असतं. बाकीचे दिवस मी नुसती असते.

माझ्या अंगावर लाल चिंध्यांच्या खुणा आहेत. दोन खुणा जवळजवळ, मग लांब अंतर, पुन्हा दोन जवळजवळ, पुन्हा लांब अंतर. मला तशीच सवय झाली आहे. सारख्या मापाने मला काही सांगता येत नाही. एक गोष्ट थोडक्यात सांगेन, पुढची लांबेल. एका ठिकाणी मी तुटलेली आहे. तिथे माझ्याकडे काहीच नाही. तेवढी जागा तुम्ही ओलांडून या.

जवळची खूण

माझा जन्म कारखान्यात झाला असेल, पण तो मला आठवत नाही. मला आठवतं ते गावातलं समाजमंदिर. एका मोठ्या भेंडोळ्यातून कापून आम्हा बहिणींना तिथे जमिनीवर पसरलं होतं. एक मुलगी गुडघ्यांवर बसून मापपट्टी धरत होती आणि समोरची बाई चिंधी बांधत होती. मुलगी अनुया. बाई सखुबाई. माझ्यावरच्या सगळ्या गाठी सखुबाईंच्या आहेत. त्या चिंध्या त्यांच्या जुन्या लुगड्याच्या आहेत. म्हणून मी त्यांच्याच घरी आले.

लांबची खूण

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीच्या आत आहे. इथली शेतं समुद्रसपाटीच्या इतकी जवळ आहेत की मधला मातीचा बांध नसता तर भरतीचं पाणी सरळ भातात आलं असतं. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. असं किती पिढ्या चाललंय ते मला माहीत नाही. मी नवी आहे.

अनुया एका संस्थेतून आली होती. भात लावायची वेगळी रीत शिकवणं हे तिचं काम होतं. रोपवाटिकेची जमीन भाजायची नाही, तुसाची राख घालायची. गिरिपुष्पाच्या झाडाचा पाला चिखलात तुडवायचा. रोपं दोरीवर, खुणेला लावायची, म्हणजे चार रोपांचा एक चौकोन होतो आणि दोन चौकोनांच्या मध्ये मोकळी वाट राहते. चौकोनाच्या पोटात खताची एक गोळी खोल दाबायची. खत पाण्याबरोबर खाडीत वाहून जात नाही आणि कमी लागतं. तिने हे सगळं भिंतीवर चित्रं लावून सांगितलं. गावातले पुरुष मागे टेकून ऐकत होते. बायकांत फक्त दोघी होत्या, सखुबाई आणि सत्यवती. बाकीच्या त्या वेळी बाजारात मासळी घेऊन गेल्या होत्या, नाहीतर चुलीपाशी होत्या.

सत्यवती ही गावातली जुनी, तोंडाने सैल बाई. तिने अनुयाला विचारलं, तुमचं गाव कुठलं. अनुया म्हणाली, श्रीवर्धनकडचं, घरची नारळी-पोफळीची वाडी आहे. मग भात कधी लावलंय का, असं सत्यवतीने विचारल्यावर अनुया खरं बोलली. नाही लावलं. शिकले, मग लावलं.

"मॅडम, तुमच्या वाडीन नारल लावताना पन असा दोर धरतात का?"

"धरतात की. नाहीतर झावळ्या एकमेकींत अडकून भांडतात."

"आमच्यात भात न्हाय भांडत. बाया भांडतात," सत्यवती म्हणाली, आणि मागे टेकलेले पुरुषसुद्धा हसले. अनुयाही हसली. पुढे काय होणार ते तिला तेव्हा कळलं असतं तर ती त्याच वेळी उठून बाजारात गेली असती आणि मासळीच्या टोपल्यांपाशी बसून तिने तीच चित्रं दाखवली असती.

जवळची खूण

माझ्या बहिणींचं सांगायचं तर एकीने म्हैस बांधली गेली. एक ताडपत्रीवर गेली. एकीवर कपडे वाळतात, आणि पावसाळा संपला की बोंबील. दोघी-तिघी होडीला गेल्या. मी पडवीतून त्यांच्यापैकी एकीला पाहू शकते. तिच्यावरच्या खुणा अजून दिसतात. दोन जवळ, एक लांब. कुणी विचारलं नाही की वाळत घालायच्या दोरीला चिंध्या कशासाठी.

लांबची खूण

सखुबाईंनी मला वाळत घालायला घेतलं नाही, त्याला कारण होतं.

त्यांचे मालक रामचंद्र वारले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा धनेश उरणच्या बाजूला ट्रेलर चालवतो. त्याला शेताचा राग नव्हता, पण त्याला शेत दिसतच नव्हतं. त्याला दिसायची ती गुडघ्यांवर हात ठेवून उठणारी आई आणि वर्षाला पुरत नाही इतकं भात. शेजारच्या गावातला एक माणूस खाडीकडच्या जमिनी कोलंबीच्या तळ्यांसाठी मागत फिरत होता. तळं करायचं म्हणजे बांध फोडून खारं पाणी आत घ्यायचं. एकदा का ते शेतात मुरलं की तिथे पुन्हा भात होत नाही. तुमच्या-माझ्या आयुष्यात तरी नाही. धनेशने आईला पडवीतच सांगितलं. मी तेव्हा नवी होते, खुंटीवर ताठ बसले होते.

"आये, यंदा शेवटचा. पीक मागल्यासारखाच आला तं दिवाळीनंतर तलं करायला देऊन टाकू. उगाच टेंशन नको घेऊ."

सखुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. अनुयाने त्यांना म्हसळ्याच्या बाजूचं एक शेत दाखवायला नेलं होतं. तिथे दोरीवर लावलेल्या भाताचं एक बेट, म्हणजे एका जागी फुटलेल्या ताटांचा झुपका, त्यांनी मुठीत धरून पाहिलं, आणि ते मुठीत मावलं नाही. घरी आल्यावर त्या कितीतरी दिवस मूठ उघडून मिटून बघायच्या. त्यांना दुसरं काही पटवावं लागलं नव्हतं.

मग लावणीचा दिवस आला. आमच्याकडे लावणी सावडीने होते, म्हणजे आज सगळ्या बायका तुझ्या शेतात, उद्या सगळ्या माझ्या. सखुबाईंच्या रांगेत पुढे असते ती काशी. तिचं शेत सखुबाईंच्या शेताला लागून आहे. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या गावात आल्या आणि तेव्हापासून चिखलात शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. माझं एक टोक सखुबाईंच्या हातात, दुसरं अनुयाच्या. मध्ये बायका. खुणेला रोप लावायचं, सगळ्यांचं झालं की मला उचलून मागे न्यायचं. काशीला माझा कंटाळा आला. ती म्हणाली, हात आपोआप चालतो, त्याला ही लगाम कशाला. पण सखूसाठी तिने केलं. सगळ्यांनी केलं. दुपार कलताना शेत लागलं. चौकोन, वाट, चौकोन, वाट. मला स्वतःचा इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

अनुया शेवटची मिनीडोर रिक्षा पकडायला गेली. सखुबाई सगळ्यांच्या जेवणाचं बघायला घरी गेल्या. मी बांधावर पडून राहिले. माझ्याजवळ रोपांच्या पुष्कळ मुठी उरल्या होत्या, कारण दोरीवर रोपं कमी लागतात.

आता मित्रांनो, आमच्याकडची एक रीत सांगते. शेतात आणलेलं रोप घरी परत नेत नाहीत आणि बांधावर सुकू देत नाहीत. जीव असलेलं रोप बांधावर सुकलं तर त्या घरचं पोट सुकतं, असं मानतात. उरलेली मूठ कुठेतरी लावायचीच. आणि समोर सखूचं शेत होतं, त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळ्या वाटा होत्या. नवरा गेलेल्या बाईच्या शेतात एवढी रिकामी जागा.

"मना बघवत न्हाय गो," काशी म्हणाली. "भरून टाकू. सखू सकालला बघल, खूश होईल."

अंधार पडायच्या आत त्यांनी सगळ्या वाटा भरल्या. पाय घसरत होते, पाठी दुखत होत्या, घरी लेकरं वाट बघत होती, तरी भरल्या. सभेत ऐकलेली सत्यवती त्या दिवशी रांगेत नव्हती, आणि मला त्यांना थांबवता आलं नाही. दोरीला फक्त खुणा असतात.

जवळची खूण

सकाळी अनुया खताच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली. शेत पाहिलं. पिशवी खाली ठेवली. बांधावर बसली.

लांबची खूण

सखुबाई आल्या तेव्हा अनुयाने त्यांना दोष दिला नाही आणि बायकांनाही दिला नाही. चूक माझीच आहे, असं ती म्हणाली. वाट मोकळी कशासाठी ठेवायची ते मी ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांना सांगितलं, ज्यांचे हात चिखलात जातात त्यांना सांगितलंच नाही. आता राहू द्या मावशी, तिने सांगितलं, दाट झालंय, पण भात येईल. मागच्यासारखं येईल. पुढच्या वर्षी नीट करू.

मागच्यासारखं येईल, हे शब्द तिने धीर द्यायला म्हटले होते.

"मना पुढला वरीस न्हाय, बाय," सखुबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी पदर खोचला, मला उचललं, एक टोक अनुयाच्या हातात दिलं आणि शेतात उतरल्या. मला जुन्या रांगेवर ताणलं. माझ्या खुणेवर जे रोप होतं ते राहिलं. जे खुणेवर नव्हतं ते सखुबाईंनी उपटलं. एक दिवसाचं रोप सहज निघतं, त्याला जोर लागत नाही. तरी पहिलं रोप उपटताना त्यांचा हात अडला. भात लावणाऱ्या हाताने भात उपटणं हे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. दुपारपर्यंत अनुया होती. मग तिला पुढच्या गावी जायचं होतं, तिथे माणसं जमून बसली होती. जाताना तिने माझं टोक कुणाच्या हातात द्यावं म्हणून इकडे-तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिने बांबूची एक खुंटी ठोकली आणि मला तिला बांधलं.

तेव्हापासून सखुबाई एकट्या. त्यांनी दुसऱ्या बाजूलाही खुंटी ठोकली. एका खुंटीचं नाव त्यांनी काशी ठेवलं, दुसरीचं अनुया. एक रांग झाली की इकडची उपटायची, पुढे ठोकायची, चिखलातून पलीकडे जायचं, तिकडची उपटायची, पुढे ठोकायची. "काशी, नीट उभी राहा," असं त्या खुंटीला म्हणायच्या. खुंटी वाकली की तिला शिव्या घालायच्या. बांधावरून जाणारा माणूस चक्रावून बघायचा.

आणि उपटलेली रोपं त्यांनी ठेवली कुठे? मित्रांनो, त्यांनी ती बांधावर ढीग करून ठेवली. दुसरीकडे न्यायला हात नव्हते. दोन दिवसांत तो ढीग पिवळा पडला. बांध येण्या-जाण्याचा होता.

जवळची खूण

काशी त्या बांधावरून आली. ढिगापाशी थांबली. वाकून एक मूठ उचलली, मुळं बघितली, पुन्हा खाली ठेवली.

"आमच्या हातचा रोप नको झाला, तं आमचा हात तरी कशाला हवा?"

सखुबाई चिखलात उभ्या होत्या. त्यांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. धनेश, दिवाळी, तळं. त्यांनी यातलं काशीला अजून काहीच सांगितलं नव्हतं. घरातली गोष्ट म्हणून. आताही सांगितलं नाही. काशी गेली.

लांबची खूण

दुसऱ्या दिवशी सत्यवतीच्या शेतात लावणी होती. सावडीप्रमाणे सखुबाई गेल्या. मला खांद्यावर घेऊन गेल्या. कुणी दोरी लावून बघेल, अशी त्यांना अजून आशा होती की काय कोण जाणे. रांग आधीच लागली होती. बायका खांद्याला खांदा लावून वाकल्या होत्या. कुणी "ये" म्हणालं नाही आणि कुणी "जा" म्हणालं नाही. नेहमी काशीच्या डाव्या हाताला सखुबाईंची जागा असायची. तिथे दुसरीच कुणी उभी होती. सखुबाई जरा वेळ बांधावर थांबल्या, मग पायाला लागलेला चिखल झाडल्यासारखं करून परत आल्या. त्यांच्या पायाला चिखल लागलेला नव्हता.

सगळ्या चौकोनांत गोळ्या त्यांनी एकटीने दाबल्या. बेणणी, म्हणजे तण काढणं, एकटीने केली. ती करता आली, कारण वाट मोकळी होती. त्या वाटेने एक बाई बसत-बसत, रोपाला धक्का न लावता, शेताच्या टोकापर्यंत जाऊ शकत होती. अनुया मध्ये दोनदा येऊन गेली. एकदा तिने डबा आणला होता आणि दोघींनी बांधावर बसून आंबोळी खाल्ली. दुसऱ्यांदा ती निरोप घ्यायला आली. संस्थेचं या भागातलं काम संपत होतं. तिला दुसऱ्या जिल्ह्यात जायचं होतं. पीक तेव्हा पोटऱ्यात होतं, लोंबी अजून बाहेर पडली नव्हती. त्या दिवसांत भात बघून काही कळत नाही. ती सखुबाईंना म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला एकटं पाडलं. शेजारणींपासून तोडलं." सखुबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. हाताचा चिखल तिच्या केसांना लागला. त्यांनी तो पदराने पुसायला घेतला तेव्हा ती म्हणाली राहू द्या, आणि गेली.

मी तेव्हा खुंटीवर आले होते. मला काम नव्हतं. पडवीत पूर्वी संध्याकाळी काशी यायची, पाय पसरून बसायची, दोघी सुपारी कातरत कुणाकुणाचं बोलायच्या. आता सखुबाई एकट्या बसायच्या. सुपारी कातरून झाली की त्यातली अर्धी बाजूला ठेवायच्या. मग लक्षात यायचं आणि ती पुन्हा डब्यात टाकायच्या.

मग लोंब्या आल्या.

मी तेव्हा शेतात नव्हते, पण सखुबाई घरी आल्या आणि त्यांनी माझ्यासमोर मूठ मिटून धरली. बोटं एकमेकांना टेकली नव्हती. शेतात त्या एवढं जाड बेट धरून आल्या होत्या.

भात पिकलं. आणि तेव्हाच सखुबाईंना कळलं की पिकवता एकटीला आलं, पण कापता येणार नाही. लावणीला रोप दोन दिवस थांबतं. पिकलेलं भात थांबत नाही, दाणे गळतात. त्यात परतीचा पाऊस ढगांत बसलेला. धनेशचा फोन आला की रविवारी तो कोलंबीवाल्या माणसाला घेऊन येतोय, शेत दाखवायला. सखुबाईंनी विळा परजला, भारे बांधायला मला कमरेला गुंडाळलं आणि एकट्याच कापणीला निघाल्या. आदल्या संध्याकाळी वाऱ्यासकट जोराची सर येऊन गेली होती.

बांधावर पोचल्यावर त्या उभ्याच राहिल्या. त्यांचं शेत उभं होतं. थोडं कललेलं, पण उभं. वारा वाटांमधून निघून गेला होता. शेजारचं काशीचं शेत आडवं पडलं होतं. पूर्ण. दाट लावलेलं भात एकमेकांवर कोसळून पाण्यात पसरलं होतं. असं भात तीन-चार दिवस पाण्यात राहिलं की दाण्याला कोंब फुटतात. मग ते ना घरात घेता येतं ना विकता येतं. काशी आणि तिची सून शेताच्या एका कोपऱ्यात कापत होत्या. बाकीच्या बायका आपापल्या पडलेल्या शेतांत अडकल्या होत्या. सगळ्यांचंच पडलं होतं.

सखुबाईंनी आपल्या शेताकडे एकदा पाहिलं. रविवार दोन दिवसांवर होता. त्यांनी मला कमरेवरून सोडलं, विळ्याने मधोमध कापलं, मला अर्धीला बांधावर ठेवलं, दुसरा तुकडा घेतला आणि काशीच्या शेतात उतरल्या.

तुटलेली जागा

 

 

इथे मी नाही. त्या दोघी काय बोलल्या ते माझ्या दुसऱ्या तुकड्याने ऐकलं. मी लांब बांधावर होते. मला फक्त एवढं दिसलं की काशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग बराच वेळ दोघी उभ्या होत्या. मग सखुबाई हात करून खाडीकडच्या बांधाकडे काहीतरी दाखवत होत्या. मग दोन्ही पाठी वाकल्या.

जवळची खूण

शनिवारी उजाडताच काशी सखुबाईंच्या शेतात आली. मागे सत्यवती. मागे आणखी तिघी, ज्यांचं कापून झालं होतं. काशीने कापायच्या आधी एक बेट मुठीत धरलं. बोटं टेकेनात. दुसऱ्या हाताने धरून बघितलं. मग विळा घातला.

लांबची खूण

रविवारी धनेश आला. बरोबर मोटारसायकलवर तो कोलंबीवाला माणूस. दोघे बांधावर माझ्या शेजारी उभे राहिले. माणूस मोबाइलने जमिनीचे फोटो काढत होता, खाडीच्या बाजूने किती फूट, कुठे तोंड फोडायचं, असं बोलत होता. अर्धं शेत कापून झालं होतं. अर्धं उभं होतं. धनेशचं लक्ष त्या माणसाकडे नव्हतं. तो भाऱ्यांकडे बघत होता. दरवर्षी या वेळेला बांधावर किती भारे असतात ते त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि हे तेवढे नव्हते. हे भारे रचायला बांध पुरत नव्हता.

सखुबाईंनी त्याला समजावलं नाही आणि रडल्याही नाहीत. मान वर न करता म्हणाल्या:

"धनेश, शेतान उतर. कापता-कापता बोल, काय बोलायचा तो."

त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. विळा धरायचं तो विसरला होता. सत्यवती म्हणाली, ड्रायवर, पहिल्या गिअरवर टाक, एकदम टॉपवर गेलास तर बोट जाईल. सगळ्या हसल्या. काशी सगळ्यांत मोठ्याने हसली. मी ते हसणं बऱ्याच महिन्यांनी ऐकलं. तो माणूस बांधावर उन्हात थांबला, मग सावलीत गेला, मग मोटारसायकलवर बसून राहिला. दुपारी धनेश त्याच्यापाशी जाऊन काहीतरी बोलला. मला शेवटचे दोन शब्द ऐकू आले: यंदा नको.

फक्त यंदा. पण त्या दिवशी तेवढं पुष्कळ होतं.

निघताना काशी बांधावर, जिथे तो ढीग सुकला होता तिथे, थांबली. तिथे आता गवत उगवलं होतं.

"सखू, पुढल्या लावनीला दोरी मी धरीन. पन उरलेली मूठ मी फेकनार न्हाय. सांगून ठेवतंय."

"फेकू नको. बांधाच्या कडंला लाव. तिथं दोरी न्हाय लावायची."

एवढंच. मित्रांनो, एवढ्यासाठी चार महिने गेले होते.

जवळची खूण

माझा कापलेला तुकडा परत आला नाही. काशीच्या घरी भारे बांधता-बांधता तो कुठेतरी गेला. पुढच्या लावणीला मी आखूड पडले. एकाच रांगेत मला दोनदा ताणावं लागलं. काशी कुरकुरली, पण टोक तिने सोडलं नाही. बांधाच्या कडेला, माझी खूण पोचत नाही तिथे, उरलेल्या मुठी दाटीवाटीने लागल्या. वाऱ्याला तेवढंच भात आडवं होतं.

टोक

असा माझा जन्म, माझं काम, माझं तुटणं. पण मला तुम्हाला जे सांगायचं होतं ते हे नाही.

अनुयाला यातलं काही माहीत नाही.

तिने शेवटचं पाहिलं तेव्हा भात पोटऱ्यात होतं आणि सखुबाई एकट्या होत्या. ती तेवढंच घेऊन गेली. कापणी झाल्यावर सखुबाईंनी धनेशकडून तिला फोन लावून घेतला. तो नंबर संस्थेचा होता. काम संपलं आणि नंबर बंद झाला. सखुबाई अजून अधूनमधून तो लावायला सांगतात. तिकडून एक बाई तेच वाक्य बोलते, आणि सखुबाई तिला "बरा" म्हणून फोन ठेवतात.

मला वाटतं, अनुया कुठल्या तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या समाजमंदिरात, गुडघ्यांवर बसून दुसऱ्या दोरीला खुणा करत असेल. कुणी विचारलं तर ती आमच्या शेताची गोष्ट चुकलेली म्हणून सांगत असेल. एका बाईला मी शेजारणींपासून तोडलं, असं म्हणत असेल. आणि आता ती शिकवण्याआधी बाजारात जाऊन बायकांना शोधत असेल. तेवढं तरी आमच्याकडून तिने नेलं असेल. पण भात उभं राहिलं, हे नेलं नाही. काशी परत आली, हे नेलं नाही.

पडवीत टांगलेल्या दोरीला चालत जाता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुम्हाला कुणी ना कुणी काहीतरी शिकवलं असेल. पोहायला, सायकल चालवायला, भागाकार करायला, रोप लावायला. ते शिकताना तुम्हाला जमत नव्हतं, आणि ते माणूस जमायच्या आधीच निघून गेलं असेल. दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या गावी. त्याला अजून वाटत असेल की त्याचं शिकवणं वाया गेलं. त्या माणसाला शोधा. जाऊन सांगा, जमलं म्हणून. शिकवणारा पेरून जातो, त्याला कापणी क्वचितच दिसते, आणि ती न दिसल्याने त्याला किती एकटं वाटत असेल, ते मला या खुंटीवर बसून थोडंफार कळतं.

आणि कधी कुठे तुम्हाला श्रीवर्धनकडची, नारळाच्या वाडीतली, भात उशिरा शिकलेली एक मुलगी भेटली, तर तिला सखुबाईंच्या दोरीचा निरोप द्या. म्हणावं, वाटा मोकळ्या आहेत, आणि खाडीचं पाणी अजून बांधाच्या पलीकडेच आहे.